व्हिस्की शेजारी-शेजारी ठेवून चाखताना

एकच व्हिस्की घेऊन बसलं तर तिच्याबद्दल ‘स्मूथ आहे’ किंवा ‘कडक आहे’ यापलीकडे सहसा काही सुचत नाही. नाकाला ताडून बघायला शेजारी काहीच नसतं. दोन ग्लास जवळ ठेवले की पहिल्यातलं पिकलं केळं आणि दुसऱ्यातला धूर नवख्या माणसालाही पाच मिनिटांत कळतो. चाखणं म्हणजे मुळात तुलना, आणि ती नीट व्हायची तर ग्लासांमध्ये शक्यतो एकाच गोष्टीचा फरक हवा. ग्लास, पाणी, क्रम, झाकलेली लेबलं ही बाकीची सगळी खटपट त्या एका अटीसाठी आहे.

बाटल्या कशा निवडायच्या

सर्वांत मोठी गफलत इथेच होते. चार जण जमतात, प्रत्येक जण आपल्या आवडीची बाटली आणतो, आणि टेबलावर एक बर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की), एक धुरकट आयला (स्कॉटलंडच्या आयला बेटावरची), एक ब्लेंडेड स्कॉच (माल्ट आणि इतर धान्यांच्या व्हिस्क्यांचं मिश्रण) आणि एक शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातली अशी चार टोकं येतात. फरक ढीगभर कळतात, पण कुठला फरक कशामुळे पडला हे कळायला मार्ग राहत नाही: धान्यामुळे, पिंपामुळे, धुरामुळे की नुसत्या अल्कोहोलच्या टक्क्यांमुळे?

सुरुवातीचा उत्तम संच महाराष्ट्राच्या शेजारीच तयार होतो. दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या पॉल जॉनच्या ब्रिलियन्स, एडिटेड आणि बोल्ड या तीन बाटल्या घ्या. तिन्ही सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्टपासून म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून बनलेल्या), तिन्ही ४६ टक्क्यांच्या, तिन्हींत सहा रांगांच्या कणसाची भारतीय बार्ली, आणि तिन्ही गोव्याच्याच दमट हवेत मुरलेल्या. फरक मुख्यतः धुराचा. ब्रिलियन्सला धूर नाही, एडिटेडला हलका आहे, बोल्डला भरपूर. हा धूर पीटचा. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजून साठलेला वनस्पतींचा थर. मोड आलेली बार्ली वाळवताना तो जाळतात आणि धुरातली फिनॉल नावाची संयुगं दाण्याला चिकटतात. आधी ब्रिलियन्सचा वास नीट बसवून घ्या, मग तेच धागे बोल्डमध्ये धुराखाली शोधा. सापडतात. धुरकट व्हिस्कीत ‘नुसता धूर’ कधीच नसतो, हे या तीन ग्लासांतून जितकं पक्कं कळतं तितकं वाचून कळत नाही.

लेबलावर किंवा जाहिरातीत पीटचा ‘पीपीएम’ (दहा लाखांत किती भाग) आकडा दिसला तर तो वाळवलेल्या माल्टमधल्या फिनॉलचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नव्हे. आंबवताना आणि ऊर्ध्वपातनात त्यातला बराच भाग गळतो. किती गळेल, हे भट्टीतून कुठला भाग वेगळा काढला त्यावर ठरतं. म्हणून सारख्या आकड्याच्या दोन व्हिस्क्या नाकाला सारख्या लागतीलच असं नाही.

दुसरा संच पिंपाचा. स्कॉटलंडच्या ग्लेनमोरँजीची ओरिजिनल आणि लसांता शेजारी ठेवा. डिस्टिलरी तीच, पण पहिली बर्बनच्या वापरलेल्या पिंपांत मुरलेली, तर दुसरी त्यानंतर शेरीच्या पिंपांत काही काळ ठेवलेली. बर्बनचं पिंप व्हॅनिला आणि ओल्या खोबऱ्याकडे नेतं. शेरीचं मनुका, खारीक, अंजीर, कधी लवंग अशा सुक्या मेव्याच्या डब्याकडे. रंग पाहून निष्कर्ष काढू नका. स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरॅमल घालायला कायद्याने मुभा आहे, त्यामुळे गडद म्हणजे जुनी हे गृहीतच चुकीचं. बर्बनमध्ये मात्र असा रंग घालता येत नाही.

तिसरा संच जातींचा, आणि तो शेवटी करावा, कारण इथे एकाच वेळी अनेक गोष्टी बदलतात. एक ब्लेंडेड स्कॉच, एक सिंगल माल्ट, एक आयरिश, एक बर्बन. प्रत्येकाचा कायदा वेगळा आहे आणि तो चवीत उतरतो. स्कॉचला किमान ३ वर्षं ओकच्या पिंपात, तीही स्कॉटलंडमध्येच, मुरावं लागतं. बर्बनला किमान ५१ टक्के मका लागतो आणि पिंप दरवेळी नवंकोरं, आतून जाळलेलं. म्हणून तिच्यात लाकडाचा गोडवा, व्हॅनिला आणि कॅरॅमल एवढे पुढे असतात. आयरिश बऱ्याचदा तीनदा ऊर्ध्वपातन केलेली असल्यामुळे अंगाने हलकी लागते.

आपल्याकडची स्वस्त आणि मधल्या किमतीची बहुतेक व्हिस्की मात्र वेगळ्या वाटेने बनते: मळीपासून किंवा धान्यापासून काढलेलं जवळजवळ बिनवासाचं स्पिरिट आणि त्यात थोडी माल्ट किंवा आयात केलेली स्कॉच. मळीपासून बनलेल्या दारूला युरोपात व्हिस्की म्हणून विकता येत नाही. ती शेजारी ठेवायची तर ठेवा, पण माल्टच्या तुलनेत तिला ‘वाईट’ म्हणून मोकळं होण्यापेक्षा तिचा वास कुठे संपतो आणि अल्कोहोलचा झोत कुठे सुरू होतो ते बघा.

वयाचा आकडा वेगवेगळ्या देशांच्या व्हिस्क्यांची तुलना करायला वापरू नका. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जातं. बंगळुरू-गोव्याच्या हवेत हेच प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं. लाकूडही इथे झपाट्याने उतरतं. पाच-सहा वर्षांची भारतीय माल्ट आणि बारा वर्षांची स्कॉच यांत नुसतं वय बघून कमी-जास्त ठरवणं म्हणजे अन्याय आहे.

किती घ्यायची

एका ग्लासात १५ मिली पुरे. चार ग्लास म्हणजे ६० मिली, एक लार्ज. ४२.८ टक्क्यांच्या चार ग्लासांत साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल झालं. एका बैठकीला चारच ग्लास, फार तर पाच. त्यापुढे नाक दमतं आणि डोकं हलकं होतं, मग वहीत लिहिलेल्या गोष्टींना अर्थ उरत नाही. जास्त नमुने बघायचेच असतील तर चाखून थुंकायला एक रिकामं भांडं ठेवा. व्यवसायाने हे काम करणारे बरेचसं काम नुसत्या वासावर उरकतात.

मापासाठी केमिस्टकडून दोन नव्या सिरिंज आणा, सुई नको: एक २० मिलीची व्हिस्कीसाठी, एक १० मिलीची पाण्यासाठी. झाकणाने किंवा अंदाजाने ओतलं की एका ग्लासात १२ आणि दुसऱ्यात २० मिली पडतात. ज्यात जास्त त्यात वास जास्त, आणि तुलना तिथेच बिघडते. खोकल्याच्या औषधाचं माप वापरू नका, त्याचा वास जात नाही.

लेबलावरचा अल्कोहोलचा टक्का आधीच वहीत लिहून घ्या. परदेशात ४० टक्क्यांची असलेली ब्लेंडेड स्कॉच भारतात बऱ्याचदा ४२.८ टक्क्यांची भरलेली असते. हा आकडा ब्रिटिश मापाच्या ७५ डिग्री प्रूफमधून आलेला आहे. सिंगल माल्ट ४० ते ४६, आणि पाणी न घालता पिंपातून थेट भरलेल्या बाटल्या ५५ ते ६० च्याही पुढे जातात.

ग्लास, खोली आणि वासाचे शत्रू

पोट रुंद आणि तोंड अरुंद असलेला ग्लास हवा. २००१ मध्ये स्कॉटलंडमध्ये आलेला ग्लेनकेर्न हा आता सर्वत्र चालतो. तो नसेल तर लहान वाइन ग्लास वापरा. बर्फासाठीचा सरळ, जाड बुडाचा ग्लास या कामाला निरुपयोगी, त्यात वास पसरून जातो. सगळे ग्लास एकाच घडणीचे असावेत. एक ग्लेनकेर्न आणि तीन वाइन ग्लास अशी सरमिसळ केली तर तुम्ही व्हिस्कीची नाही, ग्लासांची तुलना करत असता.

ओतण्याआधी प्रत्येक रिकाम्या ग्लासाचा वास घ्या. बहुतेक वेळा काहीतरी सापडतं: लिंबाच्या साबणाचा, कपाटाच्या लाकडाचा, डांबरगोळीचा, किंवा उपडा ठेवल्यामुळे कोंडलेल्या हवेचा. ग्लास गरम पाण्याने, बिनवासाच्या साबणाने धुवा, खूप खळबळा आणि सरळ उभे वाळवा. अगदी नेमकं करायचं असेल तर त्या व्हिस्कीचे चार थेंब ग्लासात फिरवून फेकून द्या.

खोलीत अगरबत्ती, डासांची कॉइल, नुकतंच फिनाइल मारलेली फरशी, स्वयंपाकघरातून येणारी फोडणी, कुणाच्या केसांतला मोगरा, अंगावरचं अत्तर यांपैकी काहीही नको. लसणाची फोडणी बसल्यावर तासभर त्या घरात वासाचं काम होत नाही. तंबाखू, सिगारेट, पान, कॉफी आणि टूथपेस्ट यांच्यापासून किमान तासभर आधी लांब राहा. चखणा नंतर. मधल्या काळात साध्या पावाचा तुकडा आणि साधं पाणी, एवढंच.

तापमानाचा मुद्दा आपल्याकडे जास्त भोवतो. पुस्तकांत ‘रूम टेम्परेचर’ लिहिलेलं असतं ते १८ ते २२ अंशांचं. नागपूरच्या किंवा पुण्याच्या मे महिन्यात खोलीच ३५ अंशांवर असते. तेवढ्या उष्णतेत अल्कोहोल भराभर उडतं, नाकात नुसता झोत बसतो आणि फळाफुलांचे नाजूक वास त्याखाली दबतात. एसी लावा. एसी नसेल तर बंद बाटल्या अर्धा तास नळाच्या गार पाण्याच्या बादलीत उभ्या ठेवा. फ्रीजमध्ये नको, बर्फही नको, कारण थंड व्हिस्की वास सोडत नाही. आणि डोक्यावरचा पंखा बंद करा, तो ग्लासाच्या तोंडाशी जमलेला वास उडवून लावतो. ओतल्यावर प्रत्येक ग्लासावर लहान बशी किंवा वाटी पालथी झाकून ठेवा.

क्रम आणि चाखण्याची रीत

कमी टक्क्यांकडून जास्तीकडे, बिनधुराकडून धुराकडे, हलक्या पिंपाकडून शेरीकडे. धुरकट ग्लास आधी आला तर पुढच्या दोन ग्लासांत धूर ‘दिसत’ राहतो. तो त्या ग्लासात नसतो, तुमच्या तोंडात असतो.

ओतून झाल्यावर दहा मिनिटं थांबा. मग पहिला ग्लास उचला, तिरका धरा आणि नाक ग्लासाच्या वर दोन-तीन सेंटिमीटरवर आणा. आत खुपसू नका. तोंड किंचित उघडं ठेवून लहान-लहान श्वास घ्या, म्हणजे अल्कोहोलची चुरचुर कमी होते. नाक जळजळलं तर ते तेवढ्यापुरतं बधिर झालंय असं समजा. ग्लास खाली ठेवा, आपल्याच कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या, अर्धं मिनिट थांबा. सगळे ग्लास पहिल्या फेरीत फक्त हुंगा, घोट घेऊ नका. दोनदा क्रमाने, एकदा उलट क्रमाने. सर्वांत जास्त माहिती या फेरीत मिळते आणि लोक नेमकी हीच उरकून टाकतात.

कसला वास येतोय हे शोधताना परक्या शब्दांच्या मागे लागू नका. हेदर आणि टॉफी-ॲपल न हुंगलेल्या माणसाने ते वहीत लिहिण्यात अर्थ नाही. आपल्या घरातल्या वासांची यादी भरपूर आहे: पिकलं केळं, हापूसची साल, काकवी, मनुका, खारीक, खोबऱ्याचा कीस, लवंग, जायफळ, ताजे फुटाणे, चुलीचा धूर, हुरड्याची आगटी, टिंक्चर, ओली माती. प्रत्येकामागे कारण असतं. केळं आणि सफरचंद आंबवताना तयार होणाऱ्या एस्टरांचं, खोबरं ओकमधल्या लॅक्टोनचं, लवंग ओकमधल्याच युजेनॉलचं, टिंक्चर आणि दवाखाना पीटच्या धुरातल्या क्रेसॉलचं. आधी मोठं घर ठरवा: फळ, गोड, मसाला, लाकूड, धूर की धान्य. मग त्या घरात कोण आहे ते शोधा. थेट ‘खारीक’ शोधायला गेलं की सापडत नाही.

आता घोट. पहिला घोट कुठल्याही व्हिस्कीचा असो, तो फुकट जातो. तोंडाला अल्कोहोलची सवय व्हायची असते. म्हणून संचात नसलेली एखादी साधी व्हिस्की ५ मिली घेऊन तोंड तयार करा, नाहीतर क्रमातल्या पहिल्या ग्लासावर कायम अन्याय होतो. मग प्रत्येक ग्लासातून २-३ मिली घ्या, दहा सेकंद तोंडभर फिरवा, गिळा किंवा थुंका, ओठ मिटून नाकाने श्वास बाहेर सोडा. घशामागून नाकात चढणारा वास हाच आपण ज्याला चव म्हणतो त्याचा मोठा हिस्सा. जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू असा नकाशा खरा नाही, सगळ्या जिभेला सगळं कळतं. गिळल्यावर चव किती वेळ टिकते ते घड्याळात बघा, आणि शेवटी काय उरतं तेही लिहा: गोडवा, तुरटपणा, राख की नुसती गरमी.

पाणी कधी, किती

ज्याला पाणी घालणं म्हणजे व्हिस्की बिघडवणं वाटतं त्याने हे नक्की करून बघावं. स्कॉटलंडमधले ब्लेंडर, म्हणजे व्हिस्क्यांचं मिश्रण ठरवणारे जाणकार, नमुने साधारण २० टक्क्यांपर्यंत पातळ करून हुंगतात, कारण त्या पातळीला वासातले दोष आणि गुण दोन्ही उघडे पडतात. स्वीडनमधल्या लिनिअस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर मांडणी करून दाखवलं की धुराच्या वासाचं ग्वायकॉल हे संयुग ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात पृष्ठभागाशी राहतं, तर ५९ टक्क्यांच्या पुढे अल्कोहोलच्या कोंडाळ्यात आत ओढलं जातं. पृष्ठभागाशी आलं तरच नाकापर्यंत पोचणार.

हिशेब सोपा आहे. १५ मिलीला लागणारं पाणी = १५ × (आत्ताचा टक्का ÷ हवा असलेला टक्का − १). ४२.८ टक्क्यांवरून ३० वर यायला ६.४ मिली, ४६ वरून ८ मिली, ५० वरून १०, ६० वरून १५ मिली. चाखायचं असेल तर इतकं खाली लगेच येऊ नका. आधी अर्धा मिली, मग एक, मग दोन, आणि दरवेळी दोन मिनिटं थांबून वास. एखादी व्हिस्की दोन मिलीत उमलते, एखादी एका मिलीतच पाणचट होते. तो बिंदू वहीत लिहून ठेवण्यासारखा.

वेगवेगळ्या टक्क्यांच्या बाटल्यांची तुलना करायची असेल तर सगळ्या एका पातळीवर आणणं आवश्यक आहे. नाहीतर ५८ टक्क्यांची ती नेहमीच ‘दमदार’ आणि ४० ची नेहमीच ‘फिकी’ ठरते. ६० वरून ४० वर यायला १५ मिलीला ७.५ मिली लागतं, ४६ वरून सव्वादोन. पाणी नळाचं नको, क्लोरीनचा वास सगळ्यावर बसतो. आरओचं किंवा कमी क्षारांचं बाटलीबंद पाणी घ्या आणि सगळ्या ग्लासांना तेच. ४६ टक्क्यांची, थंड करून न गाळलेली व्हिस्की पाण्याने किंचित गढूळ झाली तर घाबरू नका. त्यातले स्निग्ध घटक पाण्यात विरघळत नाहीत म्हणून ते दिसतात.

लेबल झाकून

किंमत आणि नाव दिसत असताना कुणाचंही नाक निष्पक्ष राहत नाही. एकाने दुसऱ्या खोलीत ओतावं, ग्लासांच्या बुडाला चिकटपट्टीवर तीन आकडी कुठलाही क्रमांक लिहावा, जसे ४७२, ८१५, ३०९. अ-ब-क किंवा १-२-३ लिहिलं की पहिल्याला नकळत झुकतं माप मिळतं. रंग ओळखीचा असेल तर ग्लासांना बाहेरून कागद गुंडाळा.

दोन बाटल्यांतला फरक खरंच कळतो का हे तपासायला त्रिकोणी चाचणी करा. तीन ग्लास, दोनांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. वेगळा कोणता, एवढंच सांगायचं. नशिबाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक, म्हणून एकदा बरोबर आलं तर काहीच सिद्ध होत नाही. ग्लासांच्या जागा बदलून सहा वेळा करा. सहापैकी चार किंवा जास्त वेळा बरोबर येणं नुसत्या नशिबानेही १० टक्के वेळा घडतं, पाच किंवा जास्त वेळा येणं मात्र २ टक्क्यांहून कमी. पाच आले तर फरक तुम्हाला कळतो असं मानायला हरकत नाही. ही चाचणी फक्त वासावर करा, घोट घेत बसलात तर चौथ्या फेरीपर्यंत नाक आणि डोकं दोन्ही कामातून जातं. दोन फेऱ्यांच्या मध्ये दोन-तीन मिनिटं सोडा.

सगळ्यांनी आपापलं लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. एकाने ‘मध’ म्हटलं की सगळ्यांना मध येतो. गुणांची शंभरी मांडू नका. ग्लासाचा क्रमांक, वासातले तीन शब्द, तोंडातले तीन, पाणी घातल्यावर काय बदललं, शेवट किती सेकंद आणि ‘पुन्हा विकत घ्यावी का’, एवढ्या रकान्यांनी काम भागतं.

बिघडलेली, उघडलेली आणि बनावट

भिजल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बुचाचा दोष असतो. दुसऱ्या बाटलीतून पडताळा. विझलेल्या काडीचा किंवा उकडलेल्या कोबीचा वास गंधकाचा. तो बऱ्याचदा शेरीच्या पिंपातून येतो आणि वीस मिनिटांत थोडा कमी होतो. बाटली एक तृतीयांशाच्या खाली गेली की हवेमुळे काही महिन्यांत वास उतरतो. नव्या बाटलीशी तिची तुलना करू नका, किंवा उरलेली लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा. व्हिस्की वाइनसारखी आडवी ठेवायची नसते, तीव्र अल्कोहोल बूच खातं. उभी, अंधारात, गॅसच्या ओट्यापासून लांब.

बनावट दारू हुंगून ओळखता येईल या भ्रमात राहू नका. विषारी मिथेनॉल आणि साधं अल्कोहोल वासाने-चवीने वेगळं काढता येत नाही. परवानाधारक दुकानातूनच घ्या, सील आणि उत्पादन शुल्काचं लेबल तपासा. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची अट २५ वर्षं आहे, प्यायला आणि बाळगायला परवानाही लागतो. गोव्यातून स्वस्त म्हणून परवान्याशिवाय बाटल्या आणल्या तर सीमेवरच्या तपासणीत त्या जप्त होतात आणि गुन्हाही नोंदवला जातो. चाखून झाल्यावर गाडी कुणी चालवायची नाही, थुंकून चाखलं असेल तरीही.